मांजराच्या रक्ताला तुमचा प्रोटोकॉल मान्य नाही

“प्रोपोफॉल चालू ठेवा, दुसरं काही लागत नाही.” मांजर व्हेंटिलेटरवर, तिसरा दिवस, सिरिंज पंपात भुलीचं तेच दुधाळ औषध, आणि खुर्चीतून उठायचेही कष्ट न घेता एखादे ज्येष्ठ डॉक्टर हे फर्मान सोडतात. का? तर म्हणे, ते पटकन उतरतं. अहो, पटकन उतरतं ते थोडा वेळ दिल्यावर! दिवसरात्र ओतत राहिलात तर मांजराच्या शरीरात ते साठतं, आणि मग मांजर शुद्धीवर का येत नाही म्हणून हेच महाशय कपाळाला आठ्या घालतात.

यात गूढ काहीच नाही. प्रोपोफॉल हा फिनॉल जातीचा रेणू. अशा रेणूंना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेर काढायचं काम यकृताचं, आणि त्यासाठी लागणाऱ्या विकराचं एक जनुक मार्जारकुळात केव्हाच निकामी झालंय. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, हे यांना तोंडपाठ आहे. कारणही तेच, हे मात्र पंपाचं बटण दाबताना आठवत नाही!

साठलेल्या अशा फिनॉलने रक्तात ऑक्सिडीकरण होतं, त्यात मांजराचं हिमोग्लोबिन नाजूक. ऑक्सिडीकरणाला बळी पडणारे सल्फहायड्रिल गट माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन, कुत्र्याच्यात चार, मांजराच्यात आठ. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्या, न्यू मिथिलीन ब्लू घाला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. तांबड्या पेशीच्या कडेला बिघडलेल्या हिमोग्लोबिनची निळसर गाठ चिकटलेली दिसेल. तिला हाइन्झ बॉडी म्हणतात. निरोगी मांजरातही थोड्या असतात, पण रोज वाढत चालल्या तर रक्त मोडीत निघालंय. ज्या जनावराची फुफ्फुसं आधीच हरली आहेत, त्याचं ऑक्सिजन वाहणारं रक्तही आपणच नासवायचं? याला उपचार म्हणायचं?

1995 साली निरोगी मांजरांना लागोपाठ काही दिवस, रोज अर्धा तास प्रोपोफॉल देऊन पाहिलं. हाइन्झ बॉडी वाढल्या, शुद्धीवर यायला उशीर होऊ लागला, काही मांजरांनी अन्न टाकलं. यावर प्रोटोकॉलवाले रेडिएशनचे उपचार घेणाऱ्या मांजरांचा दाखला फेकतात: रोज भूल दिली, काही बिघडलं नाही. बरोबर. ती भूल काही मिनिटांची होती. काही मिनिटं आणि अखंड बहात्तर तास यांतला फरक शाळकरी पोरालाही कळतो.

मग करायचं काय? एकाच औषधावर सगळा भार टाकू नका. फेंटानिल, मिडाझोलाम, जोडीला थोडं केटामिन, आणि प्रोपोफॉल लागलंच तर कमीत कमी. मात्र केटामिनचा मोठा भाग मांजर मूत्रपिंडावाटेच बाहेर टाकतं. लघवी मोजल्याशिवाय त्याचा पंप लावू नका. आणि कुपीवरची बारीक अक्षरं वाचा! डायझेपामच्या कुपीत बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, तेही मांजराच्या तांबड्या पेशींवर उठतं. काही कुप्यांत बेंझाइल अल्कोहोल असतं, ते दिवसेंदिवस ओतायचं नसतं. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या प्रोपोफॉलच्या तेलकट मिश्रणात जंतू मजेत वाढतात. तरी सकाळी फोडलेली कुपी रात्री वापरणारे महाभाग आहेतच.

सगळ्यात संताप येतो तो पुढच्या शहाणपणाचा. मांजर यंत्राशी झगडतंय? द्या स्नायू शिथिल करणारं औषध! अॅट्राक्युरियमने हालचाल थांबते, शुद्ध हरपत नाही, वेदनाही जात नाही. कधी ते खरंच लागतं, मान्य. पण नळीत चिकट स्राव अडकलाय का, गुंगी उतरलीय का, दुखतंय का, हे न तपासता ते टोचणं म्हणजे जागं जनावर स्वतःच्या देहात कोंडणं. हे क्रौर्य आहे, आणि खोलीतल्या शांततेला “पेशंट स्थिर” म्हणणं हा खोटेपणा.

मांजर तुमचं असेल, तर काचेबाहेर हात जोडून उभे राहू नका. कोणतं औषध, किती तासांपासून, आज रक्ताची काचपट्टी पाहिली का, वेदनेसाठी काय दिलंय, हे विचारा. उत्तर “आमचा प्रोटोकॉल आहे” असं आलं, तर तिथेच उभं राहून पुन्हा विचारा.