काखेत कळसा आणि गावाला वळसा

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

डिसेंबर उजाडला की आपल्या महाविद्यालयात सहलीचे वारे वाहू लागतात. सूचनाफलकावर कागद लागतो, वर्गप्रतिनिधी वही घेऊन बाकांमधून फिरू लागतात आणि तीच तीन नावे पुन्हा पुन्हा कानांवर येतात: महाबळेश्वर, लोणावळा, नाहीतर गोवा. यंदाही तसेच झाले. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा यंदाची सहल होऊन गेलेली असेल, तिच्या फोटोंचे कौतुकही सरलेले असेल. म्हणून मी लिहिते आहे ते पुढच्या वर्षासाठी. कोणाच्या आनंदावर विरजण घालण्याचा माझा हेतू नाही, एवढे प्राध्यापकवर्गाने आणि मित्रमैत्रिणींनी आधीच ध्यानात घ्यावे.

सहलीच्या बैठकीत मी एकदाच तोंड उघडले. म्हटले, "जव्हार, मोखाडा, खोडाळा या बाजूला जाऊ या का? तिकडे तलाव आहेत, धरणे आहेत, धबधबा आहे." मागच्या बाकावरून लगेच उत्तर आले, "तिथे काय बघायचे? कुपोषण?" वर्ग हसला. मीही हसले. मी का हसले याचेच मला नंतर वाईट वाटले. कारण माझी आई मोखाडा तालुक्यातली आहे, आणि दोन वर्षांत ही गोष्ट मी वर्गात कोणालाही सांगितलेली नाही. कोणी विचारले की "आम्ही बोईसरचे" एवढेच सांगत आले. ते खोटे नाही. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला आहेत, आमची खोली बोईसरला आहे. पण अर्धे खरे सांगणे म्हणजे काय असते, हे त्या हशाने मला चांगलेच कळले.

१९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला बालके दगावली, तेव्हा त्या भागाचे नाव देशभर झाले. तेव्हापासून जव्हार-मोखाडा म्हटले की तो एकच शब्द लोकांच्या जिभेवर येतो. दुःख खरे आहे, ते झाकावे असे मी म्हणत नाही. पण माझे मामा, मामी, त्यांची नागलीची शेते, खळ्यातली रात्रीची बोलणी, हे सगळे एका शब्दात बसत नाही.

लहानपणी दर मे महिन्यात आई आम्हां भावंडांना घेऊन माहेरी निघायची. पहाटेची एस. टी., खिडकीसाठी भांडण, आणि मांडीवर पिठाची पिशवी. तो रस्ता मला पाठ आहे. बोईसरहून निघाले की कारखान्यांच्या चिमण्या मागे पडतात आणि चिल्हार फाट्याला अहमदाबादचा मोठा रस्ता लागतो. तिथे ट्रकांची जी रांग लागते, तिच्याकडे पाहून वाटते की सारे जग मुंबईकडेच धावते आहे. आपली गाडी मात्र मनोरला तो रस्ता सोडते आणि विक्रमगडच्या दिशेने आत वळते. मला नेहमी तिथेच हायसे वाटायचे. हॉर्न थांबतात. दोन्ही बाजूंना साग, पळस, मोह. मध्येच कुडाची घरे, दाराशी टांगलेली भोपळ्याची तुंबी. बाजाराच्या दिवशी टोपलीत कोंबडा घेऊन चढणारी एखादी म्हातारी. विक्रमगडनंतर घाट सुरू होतो, गाडी कण्हत कण्हत चढते आणि जव्हार आले की वाऱ्याचा स्पर्श बदलतो. पालघरपासून हे अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास असेल. आपण महाबळेश्वरला जायला याच्या कितीतरी पट रस्ता तुडवतो!

जव्हारला कोणी "ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर" म्हणत असे. २०१४ च्या १ ऑगस्टला आपला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून "पालघरचे महाबळेश्वर" म्हणतात. मला हे बिरुद मुळीच आवडत नाही. जव्हारला स्वतःचे नाव आहे. मुकणे घराण्याचे हे आदिवासी संस्थान होते. त्यांचा जयविलास राजवाडा आजही उभा आहे. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराजांनी शिरपामाळावर मुक्काम केला असे सांगतात. दाभोशाचा सुमारे तीनशे फुटांचा धबधबा जवळच आहे आणि गावाला पाणी पुरवणारे जयसागर धरण तर गावाच्या कुशीतच आहे. एवढे असताना दुसऱ्याच्या नावाने ओळख करून द्यायची काय गरज?

पण मला सांगायचे आहे ते तलावांविषयी.

आपण लोकलने मुंबईकडे जातो तेव्हा सफाळे आणि वैतरणा या स्थानकांच्या मध्ये गाडी मोठ्या पुलावरून जाते. कोणी हात जोडतो, कोणी पाण्यात नाणे टाकतो. ही वैतरणा. त्र्यंबकच्या डोंगरांत जिथे गोदावरीचा उगम आहे, त्याच परिसरात हिचाही उगम आहे. गोदावरी पूर्वेकडे गेली, गंगेच्या मानाची ठरली. ही पश्चिमेकडे उतरली आणि वाटेत मुंबईसाठी तिला तीनदा अडवले गेले. सर्वांत वर इगतपुरी तालुक्यातले अप्पर वैतरणा, ते १९७३ चे. त्याखाली मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा, ते २०१४ मध्ये सुरू झाले. त्याची भिंत शंभर मीटरहून उंच आहे. त्याहून खाली मोडकसागर, १९५७ चा, मुंबई महापालिकेचे अभियंता मोडक यांच्या नावाचा. एका नदीची ही तीन सरोवरे!

दुसरी नदी आपली सूर्या. तिच्यावर विक्रमगड तालुक्यात धामणीचे धरण आहे, त्याच्याखाली कवडासचा बंधारा. ते मुळात बांधले डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी. उन्हाळ्यात आपल्याकडे कालव्याकाठी हिरवे भात दिसते ते या पाण्यावर. आता तेच पाणी मासवणहून नळांतून वसई-विरारला जाते. नव्या योजनेत वसई-विरार आणि मीरा-भाईंदर मिळून दिवसाला ४० कोटी ३० लाख लिटर सूर्येचे पाणी जायचे ठरले आहे. आपण मासवणच्या बाजूने किती वेळा येजा केली असेल! खाली पाहिले असेल, पण पाणी येते कुठून आणि जाते कुठे, हा प्रश्न मला तरी बारावीपर्यंत कधी पडला नव्हता.

तो पडला तो आईमुळे. मी सहलीचा बेत तिला सांगितला तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "पाणी बघायला जायचं? आम्ही तर पाणी आणायला जात होतो."

मोखाड्यात पाऊस काही थोडाथोडका पडत नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण जमीन कातळाची, उतार तीव्र. चार महिने कोसळलेले पाणी दरीतून खाली निघून जाते आणि मार्च लागला की विहिरी तळाला जातात. धरणे आहेत ती खोल दऱ्यांत, आणि पाडे आहेत वर, डोंगरांच्या माथ्यांवर नि उतारांवर. खाली उतरायला पाण्याला पैसे पडत नाहीत. वैतरणेचे पाणी बहुतेक सगळा प्रवास उताराने करत शंभर किलोमीटरवरच्या मुंबईला पोहोचते. वर चढायला मात्र पंप लागतो, वीज लागते, आणि कोणाला तरी ते मनावर घ्यावे लागते. म्हणून दर उन्हाळ्यात मोखाड्यात टँकर येतात. टँकर विहिरीत पाणी ओततो, आणि त्याभोवती जो गलका होतो तो मी स्वतः पाहिला आहे. माझ्या मामेबहिणीच्या डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर एक कळशी असे. ती माझ्याहून एका वर्षाने मोठी. आठवीत शाळा सुटली. मी द्वितीय वर्षाला आहे ती काही तिच्याहून हुशार आहे म्हणून नव्हे. माझ्या आईचे लग्न नळाच्या गावी झाले, इतकेच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण परीक्षेत लिहितो, दोन गुण मिळवतो. त्या कळशीचे वजन किती असते ते त्या मुलीला विचारावे.

आता कोणी म्हणेल, ही सहल की शोकसभा? मौजमजा करायला जायचे तर हे रडगाणे कशाला? माझे उत्तर असे की मौज भरपूर आहे, फक्त वेळ बरोबर निवडली पाहिजे. डिसेंबर नको. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जावे. तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो, तलाव काठोकाठ भरलेले असतात, आणि डोंगरउतारावर खुरासणी फुललेली असते. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांनी सिनेमातल्या परदेशी फुलांच्या शेतांचे कौतुक मला सांगू नये. सकाळी वैतरणेच्या पाण्यावर धुके असे बसलेले असते की पलीकडचा डोंगर आहे की नाही याचीच शंका यावी. मग हळूहळू ते उठते आणि एकेक होडी, एकेक बगळा दिसू लागतो. परीक्षेचा मोसम जवळ असतो हे खरे, पण तीन दिवसांनी कोणी नापास होत नाही, आणि जो होणार आहे तो घरी बसूनही होतो.

आणखी एक आक्षेप मला स्वतःलाच छळतो. आपण चाळीस जण गाडी भरून जाणार, गरिबांची घरे बघणार, मुलांचे फोटो काढणार, बिस्किटे वाटणार आणि परत येणार. असे होणार असेल तर न गेलेले बरे. दुसऱ्याचे घर म्हणजे प्रदर्शन नव्हे. माझ्या मामाच्या अंगणात कोणी न विचारता मोबाईल रोखून उभा राहिला तर मलाच सर्वांत आधी राग येईल. म्हणून माझ्या योजनेत बिस्किटे नाहीत. जेवण तिथल्याच घरांतून, पैसे मोजून घ्यावे. नागलीची भाकरी, उडदाचे वरण, मिळाली तर कंदाची भाजी. बोलायचे ते आधी ऐकून. बोहाडा कसा होतो, तारपा कोण वाजवतो हे विचारावे. आणि त्यांनी आपल्याला प्रश्न विचारले तर त्यांचीही उत्तरे द्यावीत. (मामा पहिला प्रश्न विचारील, "शिकून नोकरी लागते का?" याचे उत्तर अर्थशास्त्राच्या सरांनी द्यावे.)

खर्चाचे म्हणाल तर याच मुद्द्यासाठी मी खरी लेखणी उचलली. मोठ्या सहलींना आरामगाडी, हॉटेल, नौकाविहार असे सगळे धरून जी वर्गणी ठरते, ती आमच्या घरात महिन्याच्या किराण्याएवढी असते. वर्गातली निम्मी मुले दरवर्षी "घरी कार्यक्रम आहे" असे सांगून मागे राहतात. कार्यक्रम कसला असतो ते सर्वांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. मीही गेल्या वर्षी काकाचे लग्न लावले होते. माझ्या काकाला तीन मुले आहेत! एस. टी. ने गेलो तर २०२३ च्या मार्चपासून मुलींना अर्धे तिकीट आहे. उरलेले पैसे सर्वांत मिळून वाटून घेतले तर मागे राहणारे निम्मे तरी बरोबर येतील.

मार्ग मी भूगोलाच्या वहीत काढून ठेवला आहे. पहिला दिवस पालघर, मनोर, विक्रमगड, जव्हार, मुक्काम जव्हारला. दुसऱ्या दिवशी मोखाड्यावरून खोडाळा, वाटेत देवबांधचा गणपती, आणि दुपारपर्यंत वैतरणेचा जलाशय. मुक्काम खोडाळ्याच्या बाजूला. तिसऱ्या दिवशी परतताना विक्रमगडहून तलवाड्याच्या रस्त्याने कासा, तिथून धामणी, आणि संध्याकाळी चारोटीवरून घरी. एस. टी. जाते तिथपर्यंत एस. टी., पुढे जीप. मोबाईलचा नकाशा आपल्याला सारखा मोठ्या रस्त्याला नेऊ पाहील. त्याचे ऐकू नये. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही, तेव्हा पत्र आधी पाठवावे लागेल. आणि पाण्यात कोणीही उतरायचे नाही, पोहता येत असले तरी. धरणाचे पाणी वरून जेवढे शांत दिसते तेवढा त्याचा तळ भरवशाचा नसतो. दरवर्षी कोणीतरी बुडाल्याची बातमी आपण वाचतोच.

माझी आणखी एक मागणी आहे, ती मान्य होईल अशी आशा कमी आहे. ऑक्टोबरात जे जातील त्यांतल्या पाच-सहा जणांनी मे महिन्यात पुन्हा त्याच रस्त्याने जावे. तोच तलाव, तोच पाडा, तीच विहीर. फक्त एक दिवस. मग दोन्ही वेळचे वर्णन पुढच्या अंकात छापावे, हवे तर माझा हा लेख काढून त्याच्या जागी.

मागच्या बाकावरच्या त्या मित्रावर माझा राग नाही. त्याने जे वाचले तेच तो बोलला. त्याने पुढच्या वर्षी नक्की यावे. खिडकीची जागा मी त्याला देईन, एवढा रस्ता मी पाहिलेला आहे.

मामाला मी फोनवर विचारले आहे. तो म्हणाला, या. मामीने मागून सांगितले की चाळीस माणसांचा भात होईल एवढे पातेले पाड्यात नाही, ते बोईसरहून आणावे लागेल. आणि पाण्याची काळजी करू नका, ऑक्टोबरात विहिरीला पाणी असते.