चाळीस वर्षांचा कागद

यंत्रात कामगाराचा हात सापडला की आरडाओरड होते, पंचनामा होतो, भरपाईची बोलणी सुरू होतात. ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा पंचनामा कोण करणार? ती श्वासाबरोबर छातीत शिरते तेव्हा ना दुखते, ना खुपते. कामगार निवृत्त होतो, फंडाचे पैसे घेऊन गावी जातो, नातवंडे खेळवू लागतो. आणि २०, ३०, कधी ४० वर्षांनी त्याला धाप लागते, छातीत पाणी होते. डॉक्टर सांगतात, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा. तेव्हा हाती बहुधा थोडेच महिने उरलेले असतात आणि मारेकरी कधीच पसार झालेला असतो!

हे अज्ञानाने घडले असे म्हणण्याची सोय नाही. धुळीने फुप्फुसे निकामी होतात हे ओळखून ब्रिटनने १९३१ सालीच कारखान्यांसाठी नियम केले. १९६० साली डॉ. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध करून या कर्करोगाचे ॲस्बेस्टॉसशी असलेले नाते दाखविले. खाणीत कधी काम न केलेली, केवळ तिच्या आसमंतात राहिलेली माणसेही त्यांत होती. ब्रिटनने १९९९ साली व दक्षिण आफ्रिकेने २००८ साली या पदार्थावर बंदी घातली. आणि आपण? १९८६ साली नव्या खाणींना परवाने देणे आपण थांबविले. पण परदेशातून तोच पदार्थ आणून सिमेंटचे पत्रे करण्याची मुभा ठेवली. स्वदेशीच्या खाणीतले ते विष आणि बोटीतून आलेले ते अमृत, हा कोठला न्याय? पांढरा ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी असल्याचा कारखानदारांचा दावा जागतिक आरोग्य संघटनेला मान्य नाही.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नी निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून न्यायालयाने आज्ञा केली की, प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे, किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपावी. या आज्ञेतच सारे मर्म आहे. रोग चाळीस वर्षांनी बोलणार असेल तर साक्षीदारही चाळीस वर्षे जिवंत हवा. आणि येथे कागद हाच एकमेव साक्षीदार आहे.

पण कारखाना बंद पडला, जागा विकली गेली, तेथे मनोरे उभे राहिले, तर तो कागद कोणाच्या कपाटात शोधायचा? आणि ज्यांचा कागद कधी झालाच नाही त्यांचे काय? गिरण्यांच्या बॉयलरवरील वेष्टने ठेकेदाराच्या रोजावर सोलणारे, दारूखान्यात जहाजे फोडणारे, जुने पत्रे हातोड्याने फोडून खाली टाकणारे मजूर कोणत्या मस्टरवर आहेत? धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या त्यांच्या बायकांना तर मस्टरच नाही!

म्हणून आमची मागणी साधी आहे. कारखाना बंद होताना आरोग्याच्या नोंदी सरकारने ताब्यात घ्याव्यात; निवृत्त व कंत्राटी कामगारांची तपासणी सरकारी रुग्णालयांत विनामूल्य व्हावी; आणि मुख्य म्हणजे नवा ॲस्बेस्टॉस या देशात येणे थांबावे. आज बंदी घातली तरी कालची धूळ पुढील कित्येक वर्षे बळी घेत राहील. एकेका वर्षाचा विलंब त्या यादीत नवी नावे घालीत आहे, याचे भान राज्यकर्त्यांनी ठेवावे.