एकटीला कोण सोडणार?

फजरची नमाज आटोपून मी फिरायला बाहेर पडते तेव्हा कुरकुंभच्या रस्त्यावर तरुणांचे दोन घोळके हमखास भेटतात. पहिला भरतीवाल्यांचा. हातात मोबाईल, मोबाईलवर स्टॉपवॉच, पायात घासलेले बूट. दुसरा क्लबवाल्यांचा. हे एका गाळ्यात जमतात, काट्यावर उभे राहतात, शेक पितात आणि फोटो काढतात. दोन्हीकडे वजन कमी होतं. दोन्हीकडे आमच्या मोहल्ल्यातली मुलं आहेत. मुली मात्र पहिल्या घोळक्यात एखाद-दुसरी आणि दुसऱ्यात लग्न झालेल्याच जास्त. माझ्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडलेल्या मुली कुठे जातात, हा प्रश्न मला या रस्त्यावर चालताना पडला.

आधी भरतीवाल्यांचं सांगते. दौंडला एसआरपीचे दोन गट आहेत, 5 नंबर आणि 7 नंबर, आणि नानवीजला प्रशिक्षण केंद्र. त्यामुळे आमच्या भागात खाकीची ओढ घराघरांत आहे. पोलीस शिपायाला मैदानीत 1600 मीटर धावायचं, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. एसआरपीला तर 5 किलोमीटर. तिथे उंची आणि छाती मोजतात, पोट कुणी मोजत नाही. पण पोट घेऊन 1600 मीटर वेळेत होत नाहीत, म्हणून ते आपोआप उतरतं. माझा एक जुना विद्यार्थी एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे. पाळीचं काम, जाता-येता वडापाव, घरापासून गेटपर्यंत गाडी. दोन-तीन वर्षांत चांगलाच सुटला होता. आता बारीक झालाय. मी विचारलं, डॉक्टरांनी सांगितलं का रे? म्हणाला, "नाही टीचर, पोरं दारात येऊन हॉर्न वाजवतात. मी नाही उठलो तर अम्मी उठते, शेजारी उठतात. मग जावंच लागतं."

मला वाटतं, तरुण मुलं गटात का येतात याचं निम्मं उत्तर त्या हॉर्नमध्ये आहे. मधुमेह, ब्लड प्रेशर, हृदयविकार ही आमच्या वयाची भीती. देशात 15 ते 49 वयोगटातल्या जवळजवळ चौथ्या भागाच्या स्त्रिया जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ आहेत, पुरुषही फार मागे नाहीत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे (24 आणि 22.9 टक्के) मी वर्गात फळ्यावर लिहिले तर मुलं वहीत उतरवून घेतील आणि मधल्या सुट्टीत वेफर्सचं पाकीट फोडतील. वीस वर्षांच्या मुलाला चाळिशीतल्या आजाराची धमकी लागू पडत नाही. त्याला जवळची तारीख लागते. भरतीची, नाहीतर बहिणीच्या निकाहची. आणि त्या तारखेपर्यंत सोबत लागते, तीही आपल्या वयाची.

वयाचा मुद्दा मला घरात कळला. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत आली तेव्हा आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांनी ती धरली. प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं, रोज 45 मिनिटं चालायचं, रक्ताच्या तपासण्या करून व्हॉट्सॲपच्या ग्रुपात जायचं, पैसा कुणाला द्यायचा नाही. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. आहार म्हणून त्यावर वाद झाले, होत राहतील. ग्रुप म्हणून मला ती गोष्ट आवडली. मी उत्साहाने भाच्यालाही त्यात घातलं. चार दिवसांत तो बाहेर. म्हणाला, "खाला, वहाँ सब अंकल लोग हैं. शुगर कितनी आई, इन्सुलिन कितना आया. मैं क्या बोलूं?" जगभर हाच अनुभव आहे. अशा कार्यक्रमांत तरुण कमी येतात आणि आले तर लवकर गळतात.

क्लबवाल्यांना ही गोष्ट आपल्याआधी समजली. मला त्या शेकचं कौतुक नाही. महिन्याचा खर्च ऐकून मी गप्प झाले होते, आणि आज गिऱ्हाईक असलेला मुलगा उद्या 'कोच' होऊन मावसभावालाच डबा विकतो, हेही मला पटत नाही. पण तिथे मुलाचं नाव घेऊन स्वागत होतं. अर्धा किलो उतरला की टाळ्या वाजतात. दोन दिवस नाही गेला तर फोन येतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन नायडेच या गृहिणीने 1961 मध्ये मैत्रिणींना घरी बोलावून हेच सुरू केलं होतं. आपण लपून बिस्किटं खातो हे तिला कुणाजवळ तरी कबूल करायचं होतं. ऐकणाऱ्यांनी आपलंही कबूल केलं, पुढे त्यातून वेट वॉचर्स ही मोठी कंपनी उभी राहिली. म्हणजे विकत मिळते ती सोबत. डबा नंतर येतो.

आता मुलींचं. इथे मला माझी एक चूक सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी शाळेत आरोग्य तपासणी होती. रजिस्टर माझ्याकडे. एक जण काट्यावर मुली उभ्या करत होता, आकडा सांगत होता आणि मी तो मोठ्याने म्हणत लिहीत होते, चूक होऊ नये म्हणून. नववीतल्या एका मुलीचा आकडा मी म्हटला आणि रांगेत खसखस पिकली. वर मीच म्हणाले, "बेटा, जरा भात कमी कर." मला वाटलं, आपुलकीने म्हटलं. त्या दिवसापासून ती पीटीच्या तासाला बसून राहू लागली. कधी पोट दुखतंय, कधी पाय. वर्षभराने तिच्या आईने सांगितलं की ती आता शादीतसुद्धा येत नाही, लोक बघतात म्हणते. काट्यावर चढवून मी तिचं वजन कमी केलं नाही, तिचं घराबाहेर पडणं कमी केलं.

आमच्याकडे जाड मुलीला वजन कमी करायला सगळे सांगतात. रिश्ता घेऊन आलेली बाई नजरेने सांगते, फुप्पी तोंडावर सांगते, पाळीची तक्रार घेऊन गेलं की डॉक्टर दोन मिनिटांत सांगतात. पण चालायला कुठे जायचं, कुणाबरोबर, कुठल्या वेळी, हे कुणी सांगत नाही. भाऊ पहाटे पळायला गेला की मेहनती. बहीण निघाली की, "एकटीला कोण सोडणार?" त्यात आमचा रस्ता हायवेचा, टँकर आणि ट्रकचा, आणि कधी कधी कारखान्यांकडून असा उग्र वास येतो की नाक दाबून परत फिरावं. वडिलांची काळजी अगदीच खोटी नाही.

म्हणून मुलाला गट हवा असतो हुरूप टिकवायला, आणि मुलीला त्याच्याही आधी इजाजत मिळवायला. मागच्या हिवाळ्यात मी दोन मुलींच्या घरी जाऊन म्हटलं, माझ्याबरोबर पाठवा, मी घेऊन जाते, मी आणून सोडते. दोन्ही अब्बांनी ताबडतोब हो म्हटलं. आज आम्ही सात जणी आहोत. फिरंगाई देवीच्या मंदिराच्या बाजूला जातो आणि परततो. कुणी काटा आणत नाही, मीच आणू देत नाही. मी एकदा विचारलं, का येता गं? एकीने सांगितलं निकाह ठरलाय. एकीला भरती द्यायचीय, घरी अजून बोलली नाही. तिसरी म्हणाली, "टीचर, दिवसभरात मोठ्याने हसायला एवढाच टाइम मिळतो." वजनाचं नाव कुणीच काढलं नाही. उतरलंय मात्र दोघींचं, हे मला त्यांच्या चालण्यावरून कळतं.

धर्माचं नाव घेऊन अडवणाऱ्यांना मी हजरत आयशा (रजि.) यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट सांगते. सफरीत हुजूर (सल्ल.) यांनी काफिल्याला पुढे जायला सांगितलं आणि त्यांच्याशी धावण्याची शर्यत लावली. तेव्हा आयशा सडपातळ होत्या, त्या जिंकल्या. काही वर्षांनी पुन्हा शर्यत झाली, तोवर त्यांचं अंग भरलं होतं, त्या हरल्या. हुजूर हसले आणि त्या वेळची फिटंफाट झाली असं म्हणाले. अंग भरल्याचं त्या स्वतः किती सहज सांगतात बघा. कुणी टोमणा मारला नाही. आणि काफिला पुढे पाठवून आधी आडोसा केला, मग शर्यत लावली. आपण मुलींना घरी बसवतो, काफिला पुढे पाठवायचं आपल्याला सुचत नाही.

एकत्र केल्याने काय होतं हे आपल्याला नवं नाही. रमजानमध्ये गल्लीतला सगळ्यात खादाड पोरगा महिनाभर तेरा-चौदा तास पाण्याचा थेंब घेत नाही, कारण घर, गल्ली, दोस्त सगळेच रोजात असतात. इफ्तारला भजी आणि सामोशांवर तुटून पडतो तो भाग वेगळा. जे वजन थोडं उतरतं तेही ईदनंतर काही आठवड्यांत परत येतं. सोबत सुटते, जुनी वेळ परत येते.

मग अकराव्या महिन्यापर्यंत ही सोबत टिकवायची जबाबदारी कुणाची? आपल्याकडे जलशांसाठी मंडप आहेत, शादीखाने आहेत, शाळांची आवारं आहेत. सकाळी सगळी कुलूपबंद. एक तास, भिंतीच्या आत, एक वयस्कर बाई लक्ष ठेवायला, आणि आलेल्या मुलीचं वजन जाहीर न करण्याचा नियम. याला फंड लागत नाही. मुलांसाठी हे करायची गरज नाही, त्यांना रस्ता आहे, हॉर्न आहे.

पाऊस सुरू झाला की आमची वाट चिखलाची होते, आणि दोघींच्या घरी आताच कुरकुर आहे. शाळेचं मैदान सकाळी 6 ते 7 आम्हाला उघडून द्यावं असा अर्ज मी कमिटीकडे दिला आहे. खाली सात जणींच्या आयांच्या सह्या आहेत, दोघींचे अंगठे. उत्तर अजून आलेलं नाही.