गल्ल्यावरचा हिशेब आणि सॉफ्टवेअरची नोकरी

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांमध्ये एक समजूत घट्ट बसली आहे. संगणक कंपनीतील नोकरी ही इंजिनिअर झालेल्या, इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आणि मोठ्या शहरात वाढलेल्या मुलांसाठीच असते, असे आपण धरून चालतो. त्यामुळे सातपाटी, पालघर, बोईसर या पट्ट्यातला मुलगा बी.कॉम. झाला की त्याच्यापुढे दोनच रस्ते ठेवले जातात. एक म्हणजे वडिलांच्या गल्ल्यावर बसणे आणि दुसरा म्हणजे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे मिळेल ते काम धरणे.

तिसरा रस्ता आहे आणि तो फारसा कोणी दाखवत नाही. व्यापाराचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना ग्राहकांच्या अडचणी सोडवणारी माणसे लागतात. या कामाला टेक्निकल सपोर्ट म्हणतात. आमचे स्पष्ट मत आहे की, हे काम शिकताना व्यापाऱ्याच्या घरातील मूल चार पावले पुढे असते. कारण या कामात अर्धे ज्ञान संगणकाचे आणि अर्धे ज्ञान व्यवहाराचे लागते. यातले दुसरे अर्धे आपल्या मुलांना घरातच मिळालेले असते.

हे आम्ही मनचे सांगत नाही. या धंद्याचा इतिहासच तसा आहे. जर्मनीतील एस.ए.पी. ही आज जगातील फार मोठी व्यापारी सॉफ्टवेअर कंपनी आहे. आय.बी.एम. सोडलेल्या पाच जणांनी ती १९७२ साली काढली. तिचा पहिला ग्राहक होता आय.सी.आय. या कंपनीचा नायलॉन धाग्याचा कारखाना. त्या काळात या लोकांकडे स्वतःचा संगणकही नव्हता. ग्राहकाच्या कारखान्यात बसून, त्याच्याच यंत्रावर ते काम करीत. आपल्या देशातील टॅलीची गोष्टही अशीच आहे. श्यामसुंदर गोयंका हे गिरण्या व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. हिशेबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी आपला मुलगा भरत याला ते तयार करायला सांगितले. त्यातून १९८६ साली बंगळुरूत कंपनी उभी राहिली. पुढे २०२० साली भरत गोयंका यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे एका कंपनीची सुरुवात धाग्याच्या कारखान्यात झाली आणि दुसरीची गिरण्यांना माल पुरवणाऱ्या पेढीत. मग कापडवाल्याच्या मुलाने हे क्षेत्र परके का मानावे?

आता या कामाचे स्वरूप पाहू. ग्राहकाची तक्रार आली की तिला एक क्रमांक मिळतो. त्याला तिकीट म्हणतात. ग्राहकाचा धंदा ठप्प झाला आहे की काम हळू चालले आहे, यावरून तक्रारीची निकड ठरते आणि त्यानुसार उत्तर देण्याची मुदत बांधलेली असते. पहिल्या पायरीवरचा कर्मचारी आधी माहीत असलेल्या उपायांची नोंद शोधतो. तिथे जमले नाही तर तक्रार दुसऱ्या पायरीवर जाते. तिथला माणूस तीच चूक आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहतो, कारण दिसेपर्यंत चूक सापडत नाही. सॉफ्टवेअरमध्येच दोष असेल तर प्रकरण ते लिहिणाऱ्यांकडे, म्हणजे तिसऱ्या पायरीवर जाते. शेवटी सापडलेला उपाय लिहून ठेवावा लागतो, म्हणजे पुढच्या ग्राहकाचा वेळ वाचतो.

यात व्यवहाराचे ज्ञान कुठे येते, ते दोन उदाहरणांनी सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटीचे टप्पे बदलले. आधी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यावर १२ टक्के कर होता. नंतर २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यावर १८ टक्के झाला. आता समजा, १,८०० रुपयांचा शर्ट २० तारखेला विकला आणि तो २५ तारखेला परत आला. क्रेडिट नोट कोणत्या दराने करायची? मूळ बिलाच्या दराने, म्हणजे १२ टक्क्यांनी. सॉफ्टवेअर नवा दर उचलत असेल तर दुकानदार म्हणणार, "तुमचे सॉफ्टवेअर चुकते." दुकानात बसलेल्या मुलाला दोष कुठे आहे ते लगेच कळते. ज्याने कधी माल परत घेतलेला नाही, त्याला आधी प्रश्नच समजून घ्यावा लागतो.

दुसरे उदाहरण जॉबवर्कचे. कोरे कापड रंगाईला गेले की जितके मीटर गेले तितके परत येत नाही. आटते, कापले जाते, चिंधी निघते. चलनावर एक आकडा, परत आलेल्या मालावर दुसरा. गोदामाचा स्टॉक जुळत नाही म्हणून तक्रार येते. हा सॉफ्टवेअरचा दोष आहे की घट नोंदवण्याची रीतच बसवलेली नाही, हे ओळखायला कापड माहीत असावे लागते. सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्थांचा हिशेब घ्या. नौकेच्या नावावर डिझेल आणि बर्फाची उचल, मग मासळीच्या रकमेतून तिची वजावट. ही रीत लहानपणापासून पाहिलेल्या मुलाला उचल आणि वसुली यांचा मेळ वेगळा शिकवावा लागत नाही.

मग सुरुवात कुठून करावी? एकदम बंगळुरू किंवा पुण्याची वाट धरायची गरज नाही. पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयात वाणिज्य शाखा आहे; पदवी तिथे होऊ शकते. टॅलीसारख्या कंपन्यांचा माल आणि सेवा अधिकृत विक्रेत्यांमार्फत गावोगाव पोहोचते. अशा विक्रेत्याकडे वर्ष-दोन वर्षे काम केले की रोज नव्या धंद्याच्या अडचणी हाताखालून जातात. त्यासोबत तीन गोष्टी शिकाव्यात: डेटाबेसमधून माहिती काढण्याची एस.क्यू.एल. ही भाषा, नेटवर्क व विंडोजची प्राथमिक माहिती आणि जीएसटीचे नियम. एवढी शिदोरी घेऊन मोठ्या कंपनीच्या मुलाखतीला जावे.

आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, म्हणून भाषेबद्दल थोडे बोलण्याचा हक्क आहे. आपली मुले मराठी, हिंदी, उर्दू सहज बोलतात, पुष्कळांना गुजरातीही येते. चिडलेल्या ग्राहकाशी अदबीने बोलणे हे तर दुकानदारीचे पहिलेच हुनर आहे. अडते ते लेखी इंग्रजीत. पण तिकिटात साहित्य लिहायचे नसते. ग्राहकाने काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, कधीपासून होते आहे, ही चार छोटी वाक्ये बिनचूक लिहिता आली की काम चालते. रोज एक अडचण अशी लिहून काढली तर सहा महिन्यांत हात बसतो.

आता सावधगिरीचे दोन शब्द. नोकरीची हमी देतो म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्यांपासून दूर राहावे. खरी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. केवळ प्रमाणपत्राच्या जोरावर काम मिळते, या भ्रमात कर्ज काढून महागडे कोर्स करू नयेत. दुसरे म्हणजे, परदेशी ग्राहकांमुळे पाळ्या रात्रीच्याही असतात. मुलींच्या बाबतीत नेण्या-आणण्याची गाडी आहे का, हे आधीच विचारावे. पण पाळीचे निमित्त करून मुलींना हा रस्ताच बंद करू नये.

काही जण विचारतील की, आता यंत्रच उत्तरे देऊ लागले आहे, मग ही नोकरी टिकेल का? प्रश्न रास्त आहे. पासवर्ड विसरला, छपाई होत नाही, असले सोपे प्रश्न यंत्राकडे जात आहेत. म्हणून पहिल्या पायरीवर वर्षानुवर्षे बसून राहणाऱ्याला धोका आहेच. परंतु ज्या प्रश्नात ग्राहकाचा धंदाच समजून घ्यावा लागतो, तिथे जाणकार माणूस लागतोच. वर चढायचे असेल तर बळ तिथूनच येणार.

शेवटी आमचे सांगणे वडीलधाऱ्यांना आहे. मुलगा नोकरीला गेला तर दुकान कोण पाहणार, ही चिंता खोटी नाही. पण एकाच गल्ल्यावर तीन भाऊ बसून घर वाढत नाही, हेही आपण सगळे पाहत आहोत. एकाने दुकान सांभाळावे, एकाने किंवा एकीने बाहेर पडावे. हिशेबाची ही तालीम आपल्या बापजाद्यांनी दिलेली आहे. तिची किंमत बाजारात मिळत असेल तर ती घ्यायला आपल्या मुलांना मोकळे करा.