उपग्रहाला पाणी नव्हे, पाण्याची जागा दिसते

शिरूर तालुक्यातील पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईचा पट्टा आणि दौंडच्या दक्षिणेची खोर, पडवी, रोटी ही गावे पर्जन्यछायेत येतात. पाऊस वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास, आणि खाली लाव्हाचा बेसाल्ट. अखंड काळ्या पाषाणात पाणी मावत नाही. ते राहते वरच्या मुरमात, भेगांत, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात. उन्हाळ्यात विहिरीत डोकावले की हे सारे उभ्या भिंतीवर वाचता येते: वर काळी माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, त्याखाली लाल मातीचा चिकट थर; आणि ओल बहुधा त्या लाल थराच्या माथ्यावरच पाझरताना दिसते.

अशा भूमीत पाणी शोधण्यासाठी पाणाड्या पुरेसा आहे, उपग्रह कशाला, असा पहिला आक्षेप असतो. हातातला नारळ उभा राहिला, काडी वळली आणि पाणी लागले, असे दाखले गावोगाव सांगितले जातात. पण ओढ्याकाठच्या मुरमात थोडेफार पाणी कुठेही लागते. लागलेल्या बोअरची कथा होते, कोरड्या गेलेल्या बोअरची नोंद कोणी ठेवत नाही. फक्त यशच मोजणाऱ्या पद्धतीला पुरावा म्हणता येत नाही.

‘खोल गेले की पाणी लागतेच’ हा समज याहून महाग पडतो. बेसाल्टमध्ये खोलीबरोबर भेगा साधारणपणे कमी आणि घट्ट होत जातात. खोदाईचे पैसे मात्र फुटावर मोजले जातात, आणि कोरड्या बोअरचे कर्ज शेतकऱ्याच्याच डोक्यावर बसते.

तिसरा भ्रम सुशिक्षितांचा आहे: उपग्रहाला जमिनीखालचे पाणी दिसते. साध्या उपग्रहचित्रात येतो तो पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश. 2002 मध्ये सोडलेल्या ‘ग्रेस’ उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून पाण्याचा साठा मोजला खरा, पण तो शेकडो किलोमीटरच्या प्रदेशाचा. एक तालुकाही त्यात वेगळा काढता येत नाही, मग एका शेताची गोष्टच नको.

तरीही सुदूर संवेदनाचे, म्हणजे उपग्रहाने दुरून टिपलेल्या चित्रांच्या अभ्यासाचे, मोल कमी होत नाही. 17 मार्च 1988 रोजी आयआरएस-1ए उपग्रह अवकाशात गेला आणि भारताला स्वतःची चित्रे मिळू लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने पुढे पेयजल मोहिमेसाठी 1:50,000 प्रमाणाचे भूजल-संभाव्यता नकाशे केले. हिरवी झाडे अवरक्त प्रकाश जोराने परतवतात, म्हणून कृत्रिम रंगांच्या चित्रात ती लाल उमटतात. एप्रिल-मेच्या चित्रात भाजलेल्या माळावर बाभळी-लिंबांची लाल रेघ सरळ धावत असेल, ओढाही तिथेच काटकोनात वळत असेल, तर खाली भेग असण्याची शक्यता बळावते. चालत फिरणाऱ्याला ही रेघ सहसा उमगत नाही. ती दिसायला उंचीच लागते.

मात्र लाल दिसले की पाणी, हा निष्कर्ष घातक आहे. दौंडचा भीमाकाठ आणि खडकवासल्याच्या कालव्याखालचा ऊस चित्रात लालभडक दिसतो. ते पाणी वरून आणलेले असते. म्हणून कालव्याचे लाभक्षेत्र आधी वगळावे लागते. सरळ रेघ डाइकचीही, म्हणजे भेगेत लाव्हा थिजून झालेल्या उभ्या खडकभिंतीचीही, असू शकते. डाइक भेगाळ असेल तर पाणी वाहून नेतो, घट्ट असेल तर बांधासारखा अडवतो. शिवाय 1:50,000 च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. नकाशा पट्टा दाखवतो, बोअरचा बिंदू नाही.

बिंदू ठरतो जमिनीवर. चार लोखंडी खुंट्या रोवून विद्युतरोध मोजला की ओला, भेगाळ खडक कमी रोध दाखवतो आणि कोरडा पाषाण जास्त. चिकणमातीही कमी रोध दाखवते, म्हणून शेजारच्या विहिरींचे थर पाहूनच आकड्यांचा अर्थ लावायचा. हे काम मोठ्या यंत्रणेचीच मक्तेदारी नाही. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 मध्ये पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात ग्रामीण मुलांना या मोजणीचे शिक्षण दिले गेले. ज्या गावात पाण्याची ओढ, त्याच गावची मुले खुंट्या रोवतात, हे भूजलशास्त्राचे खरे गावात येणे होय.

चित्र आणि मोजणी यांनी ठरवलेली भेग केवळ उपशासाठी वापरणे मात्र अर्धेच काम आहे. जिच्यातून उन्हाळ्यात पाणी मिळते तीच भेग पावसाळ्यात पाणी आत घेते. म्हणून ती ओढ्याला छेदत असेल तिथे बंधारा तिच्या खालच्या अंगाला घालावा, म्हणजे साचलेले पाणी थेट तिच्या तोंडावर उभे राहते.