गर्भारपणातली साखर आणि बाळाचा मेंदू

एप्रिल २०२५ मध्ये ‘लॅन्सेट डायबिटीस अँड एंडोक्रायनॉलॉजी’मध्ये २०२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. माता-बालकांच्या जोड्या साडेपाच कोटींहून अधिक. गर्भारपणात मधुमेह असलेल्या मातांच्या मुलांत स्वमग्नता, एडीएचडी अशा मेंदूच्या वाढीशी निगडित विकारांचा धोका २८ टक्क्यांनी जास्त आढळला. मधुमेह आधीपासूनचा असेल तर आणखी. हा आकडा मोबाइलवरून फिरत गरोदर बाईपर्यंत पोचतो, तेव्हा तिला वाटते, शंभरातली अठ्ठावीस मुले! तसे नाही. एखादा विकार एरवी शंभरात तिघांना होत असेल, तर वाढ धरूनही ते प्रमाण चारच्या आतच राहते.

धोका लहान असला तरी खोटा नाही. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंडच जादा इन्सुलिन तयार करते. बाळाला ऑक्सिजन जास्त लागू लागतो, तो पुरा पडावा म्हणून तांबड्या पेशी वाढतात आणि त्यांत लोह खर्ची पडते. स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या वाट्याला ते कमी येऊ शकते. आपल्याकडे कित्येक गरोदर स्त्रियांचे हिमोग्लोबिन मुळातच कमी, त्यामुळे लोहाची गोळी आणि साखर हे दोन निराळे विषय मानता येत नाहीत.

मात्र सारा दोष साखरेचाच, हेही सिद्ध झालेले नाही. एकाच आईच्या मुलांची तुलना केली, एकाच्या वेळी मधुमेह आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तेव्हा फरक बराच पुसट झाला. म्हणजे आनुवंशिकता आणि घरची परिस्थिती यांचाही हात असणार. म्हैसूरच्या पार्थेनॉन अभ्यासात तर अशी नऊ-दहा वर्षांची मुले काही बौद्धिक चाचण्यांत इतरांपेक्षा सरस ठरली होती. अर्थात त्यांची संख्या थोडी होती.

तेव्हा डोहाळजेवणात आग्रहाने पेढे भरवणाऱ्यांनीच नंतर ‘गोड खाल्लंस म्हणून झालं’ असे सुनावणे निव्वळ अन्याय आहे. आग्रह धरायचाच तर चाचणीचा धरावा. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्याच तपासणीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि दोन तासांनी साखर मोजायची. उपाशीपोटी असण्याची अट नाही. १४० किंवा जास्त आली तर उपचार. कमी आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा चाचणी. ‘मागच्या वेळी नॉर्मल होतं ना’ म्हणून ही दुसरी चाचणी टाळू नये.

बाळंतपणानंतरचे पहिले काही तासही तितकेच नाजूक. अशा बाळाची साखर एकदम घसरू शकते आणि ती फार खाली राहिली तर मेंदूला इजा होते. त्यासाठी तासाभरात अंगावरचे दूध आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासणी, एवढे हवे. वॉर्डबाहेर मधाचे बोट घेऊन उभ्या असलेल्या आजीने ते बोट आवरावे आणि नर्सला विचारावे, ‘बाळाची साखर बघितली का?’