जुनें मंदिर पाडावें काय?

एखादें उपासनामंदिर जुनें झालें व उपासकांस अपुरें पडूं लागलें, म्हणजे तें पाडून त्याच जागीं मोठें बांधावें, अशी सूचना बहुधा पुढें येते. तिचा विचार करतांना नॉर्वे देशांतील बोर्गुंड या खेड्याचें उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं ध्यानांत घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

बोर्गुंडचें ख्रिस्तमंदिर इ. स. ११८० च्या सुमारास पाइन वृक्षाच्या लांकडाचें बांधलें गेलें. आठशेंहून अधिक वर्षें बर्फ व पाऊस सोसून लांकूड टिकावें, हें नवल खरें. पण त्याचें श्रेय कारागिरांच्या अनुभवास आहे. त्यांच्या पूर्वजांनीं खांब जमिनींत पुरले होते. ते ओलीनें तळाशीं कुजले. यास्तव पुढील सुतारांनीं आधीं दगडी पाया घातला, त्यावर आडव्या तुळया बसविल्या आणि तुळयांवर खांब उभे केले. खांबांमध्यें फुलीच्या आकाराचे तिरपे आधार देऊन सांगाडा बळकट केला. छपरें एकावर एक चढत गेलेलीं व अतिशय उतरतीं असल्यामुळें बर्फ सांचून राहत नाहीं; त्यांवर कौलेंही लांकडाचींच आहेत. भोंवतालची पडवी आंतील भिंतींचें पावसापासून रक्षण करते. वर वेळोवेळीं डांबराचा हात फिरतो. छपराच्या टोंकांवर कोठें क्रूस, तर कोठें जबडा पसरलेलीं व्यालमुखें दिसतात. आपली जुनी कोरीव कला त्या लोकांनीं नव्या धर्माच्या सेवेस लाविली.

अशीं मंदिरें नॉर्वेंत एके काळीं शेंकडों होतीं. आज २८ उरलीं आहेत. इ. स. १८५१ च्या कायद्यानें गांवच्या मंदिरांत तेथील दर दहा माणसांपैकीं तिघांस जागा हवी, असें ठरलें आणि लहान जुनीं मंदिरें झपाट्यानें पाडलीं जाऊं लागलीं. बोर्गुंड येथेंही मोठ्या मंदिराची निकड होतीच. तें १८६८ सालीं शेजारीं उभें राहिलें. जुनें मात्र तसेंच राहूं दिलें. प्राचीन वास्तूंच्या रक्षणार्थ १८४४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें १८७७ सालीं तें विकत घेतलें. पुढें अशा इतर मंदिरांचा जीर्णोद्धार करतांना याचाच नमुना उपयोगी पडला. बेर्गेन शहरानजीकचें फान्तोफ्तचें मंदिर १९९२ सालीं आगींत भस्म झालें. तेथें हुबेहूब दुसरें बांधलें आहे. परंतु मध्ययुगीन सुताराच्या हत्याराची खूण त्यावर कोठून येणार?

कोणी म्हणतील, उपासना अंतःकरणाची आहे. मग जुन्या लांकडावर द्रव्य कां वेंचावें? आक्षेप वजनदार आहे. गरजूंच्या तोंडचा घांस काढून भिंती राखाव्या, असें आम्हीही म्हणणार नाहीं. परंतु सरकलेलें कौल वेळींच बसविण्यास फारसें द्रव्य लागत नाहीं. दहा वर्षें गळूं दिलेलें छप्पर मात्र सर्वांच्या खिशास जड जातें. शिवाय ज्या पायरीवर वीस-पंचवीस पिढ्यांनीं पाऊल ठेविलें, ती केवळ आमच्या मालकीची नाहीं. पुढील पिढीची ती ठेव आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनीं सुटींत आपापल्या गांवचें जुनें देऊळ, मशीद वा ख्रिस्तमंदिर नीट निरखून पाहावें, तें कसें बांधलें आहे हें वडीलधाऱ्यांस विचारावें, आणि कोठें गळत असल्यास पंचांच्या कानीं घालावें. नवें मंदिर अवश्य बांधावें. परंतु तें जुन्याच्या शेजारीं बांधावें. बोर्गुंडकरांनीं हेंच केलें, व आमचेंही मत तेंच आहे.